काऊन सात ओळी खाली सरकलं

बाकी जग अशा लिंकवर 'सोर्स कोड पाहा' असं लिहितं. लीलाधर बिसेनने लिहिलं, 'काऊन?', म्हणजे 'का?'. त्याच्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत नियम वाचायचा, पटला नाही तर काऊनवर बोट ठेवायचं, की कोडमधली नेमकी ती ओळ उघडायची जिथे त्या नियमाचं कारण लिहून ठेवलेलं आहे. अशी त्रेचाळीस काऊनं त्या पुस्तिकेत होती. त्याची बायको रुची तेव्हा हसली होती. पुण्याचा माणूस उघडून बघेल तर काय म्हणेल, असं तिने विचारलं. लीलाधर म्हणाला, "पुण्याचा माणूस येऊन राहिला का आपलं तुडूम उघडायला? आपल्या माणसाला प्रश्न पडते तो काऊन असाच पडते."

सॉफ्टवेअर तलावांचं होतं. गोंदियाकडे तलावांना तोटा नाही, आणि प्रत्येक जुन्या तलावाला तुडूम असतं, म्हणजे नहरात पाणी सोडायचं दार. कोणत्या गावाची पाळी कधी, चाक किती फेरे फिरवायचं, बंद कधी करायचं, हे सगळं लीलाधरचं सॉफ्टवेअर सांगायचं. तुडुमावर बसणारी माणसं म्हातारी, त्यांना मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून त्याने स्वतःचा आवाज भरला आणि तो तलावाच्या बांधावरच्या भोंग्याला जोडला. आधी सायरन, मग चाळीस मिनिटं थांबायचं, मग भोंग्यातून लीलाधर बोलायचा, "वेळ झाली. उघडा तुडूम." अकरा तलावांवर हाच आवाज घुमायचा. त्यातला एक तलाव त्याच्या स्वतःच्या गावचा, कचारगडाच्या वाटेवरचा, आणि तिथल्या चाकावर त्याचा बाप चैतराम बसायचा.

लीलाधर काविळीने गेला. आठ दिवसांत गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी. आवाज तेवढा मागे राहिला.

आता ही लिंकांची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लिंक म्हणजे फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. फाइलीत वर कुणी एक ओळ घातली की खालच्या झाडून सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकतात. लिंक बिचारी जुन्याच नंबरावर बोट ठेवून उभी राहते. तुटली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. ती तुटत नाही, दुसऱ्याच ओळीकडे बोट दाखवते, आणि तेही छातीठोकपणे. लीलाधरला हे ठाऊक होतं. दर रविवारी चहा झाला की तो त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लिंका एकेक उघडून बघायचा आणि सरकलेल्या जागेवर आणायचा. याला तो 'धुऱ्यावरून फिरून येणं' म्हणायचा, पाऊस झाल्यावर शेतकरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठे फुटला का ते बघत फिरतो तसं.

तो गेल्यावर पुस्तिका रुचीकडे आली. ती फुलचूरला राहायची, दिवसा एका राइस मिलच्या ऑफिसात काम करायची आणि संध्याकाळी पुस्तिकेत लक्ष घालायची. नवी पानं लिहिली, शुद्धलेखन सुधारलं, चित्रं टाकली. सगळं केलं, पण काऊनवर बोट एकदाही ठेवलं नाही. त्या पलीकडे लीलाधर होता. प्रत्येक कारण त्याच्या तिरकस बोलीत लिहिलेलं, जणू समोर बसून वाद घालतो आहे. तिला ते सोसवत नव्हतं. आज नाही, पुढच्या रविवारी, असं करता करता दोन वर्षं गेली.

एकदाच तिने कोडची ती मोठी फाइल, जिच्यात ही सगळी कारणं होती, उघडली होती, वर्षश्राद्धाच्या दिवशी. खाली उतरली नाही. अगदी वर, पहिल्या ओळीच्याही आधी, तिने लिहिलं की हे सगळं काम लीलाधर चैतराम बिसेन याचं आहे, तो अमुक गावचा, अमुक साली जन्मला, अमुक साली गेला, आणि त्याने हे कुणाकडून काहीही न घेता केलं. सात ओळी झाल्या. डोळे पुसले आणि फाइल बंद केली. त्यात वाईट ते काय होतं?

मार्चमध्ये उन्हाळी धानाला पाणी सुरू होतं. त्या सुमारास ओमेशचा निरोप आला. ओमेश तिरोड्याचा, नोकरीला पुण्यात, लीलाधरनंतर कोड तोच सांभाळायचा. त्याने लिहिलं होतं, "वहिनी, सायरननंतर चाळीस मिनिटं थांबायचा नियम आहे. दोन गावांची तक्रार आहे की पाळीतला वेळ फुकट जातो. मी काऊन उघडून पाहिलं. दादांनीच लिहिलंय, 'हा आकडा अंदाजाने ठेवला आहे. जास्त वाटला तर खुशाल कमी करा.' म्हणून दहा करतो आहे. तुम्ही एकदा बघून हो म्हणा."

रुचीने बघितलं नाही. दादांनीच लिहिलंय म्हटल्यावर ती काय बघणार? तिने 'हो' लिहिलं आणि भाताचा कुकर उतरवायला गेली. नवी आवृत्ती त्याच संध्याकाळी सगळ्या तलावांवर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला चैतरामचा फोन आला. रडत नव्हता. तो इतकंच म्हणाला, "रुची, तुझ्या सासूले गोंदियाले आनून राहिलो. तू दवाखान्यात ये."

झालं ते असं. गावाजवळ नहराला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या उभ्या भिंती आहेत आणि वर यायला पायऱ्या एकाच जागी आहेत. नहर कोरडा असला तरी बेहड्याच्या झाडाखालच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं, आणि बायका तिथे धुणं धुतात. सुलोचनाबाई, लीलाधरची आई, त्या सकाळी गोधड्या घेऊन गेली होती. सायरन झाला. तिने नेहमीप्रमाणे ओल्या गोधड्या टोपल्यात भरल्या, टोपलं डोक्यावर घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्यांकडे निघाली. पाच-सात मिनिटं चालली असेल नसेल, भोंग्यातून लेकाचा आवाज आला. "वेळ झाली. उघडा तुडूम."

चैतराम चाकाशी नुकताच टेकला होता. पुढे दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याने रुचीला सांगितलं, "आता सायरन दाबला अन् आता आवाज आला. मले वाटलं, डुलकी लागली असन मले. मातारा मानूस. आपला लीला चुकन का? मीच चुकलो असन." त्याने चार फेरे दिले. पाचव्याला त्याची नजर पायऱ्यांकडे गेली. सुलोचनाबाई वर आली की पहिली हिरवी गोधडी कठड्यावर वाळत टाकते, ही तिची सवय. कठडा रिकामा होता. त्याने उलटं चाक फिरवलं, पण सुटलेलं पाणी माघारी थोडंच येतं?

कमरेएवढं पाणी होतं. त्या लोंढ्याने सुलोचनाबाईला भिंतीवर आपटत पुलापर्यंत नेलं. पुलाच्या लोखंडी गजाला तिने मिठी मारली म्हणून वाचली. उजवं मनगट मोडलं, खुबा मोडला. बाकीच्या दहा तलावांवर त्या सकाळी कुणाची पाळी नव्हती, आणि दहा वाजायच्या आत ओमेशने चाळीसचा नियम परत घातला. वरातीमागून घोडं.

दवाखान्यात खरा पेच पुढेच होता. डॉक्टर म्हणाले की खुब्याचं ऑपरेशन तीन दिवसांच्या आत झालं पाहिजे, नाहीतर बाई उठायची नाही, आणि या वयात जी खाटेवर पडते ती फार दिवस काढत नाही. कागद समोर ठेवला. सुलोचनाबाईने मान फिरवली.

"काऊन?" चैतरामने विचारलं.

"त्यानं बोलावलं मले," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "त्याच्याच आवाजात आलं पानी. पोरगा तिकडं एकटा आहे. माय पाहिजे असन त्याले. आता कायले हातपाय जोडता माझे?"

चैतरामच्याही मनात तेच होतं, तोंडाने म्हणत नव्हता एवढंच. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा म्हणाली की गेलेलं माणूस असं बोलावतं, तिच्या माहेरी असंच झालं होतं. रुचीला तिचं थोबाड रंगवावंसं वाटलं. पण सासूला काय सांगणार? आवाज त्याचाच होता, आणि त्या पोराने जन्मभर आईला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

घरी येऊन तिने पुस्तिका उघडली. चाळीस मिनिटांचा नियम. पुढे निळ्या अक्षरांत काऊन. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्यावर बोट ठेवलं.

ओमेशने सांगितलं तेच समोर आलं. 'हा आकडा अंदाजाने ठेवला आहे. जास्त वाटला तर खुशाल कमी करा.' लीलाधरचंच वाक्य. एवढा काटेकोर माणूस, पाण्यापुढे माणसांच्या जिवाचा आकडा अंदाजाने ठेवेल? मग तिने वरची ओळ वाचली. मोबाइलची बॅटरी उतरायला लागली की आठवण किती मिनिटं आधी द्यायची, त्याबद्दल होती ती. हे कारण बॅटरीचं होतं. चाळीसचं काऊन बॅटरीच्या उंबऱ्यावर जाऊन उभं होतं.

ती खाली सरकत गेली. एक, दोन, तीन. सातव्या ओळीवर ते सापडलं. तिने ते वाचलं आणि दोन्ही हात टेबलावर टेकून बसून राहिली.

सातच ओळी का, हे कळायला वेळ लागला नाही. ती फाइलच्या अगदी वर गेली. तिथे तिच्याच हाताने लिहिलेलं होतं, लीलाधर चैतराम बिसेन. ओळी मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजल्या. नवऱ्याचं नाव वर कोरायला गेली आणि त्याची त्रेचाळीस उत्तरं तिने सात-सात घरं खाली ढकलली. त्यानंतर वर्षभर जो कुणी काऊन विचारायला आला, त्याला लीलाधरने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. खूप रडली ती. त्याच्या मरणानंतर इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिदोरी घेऊन ती गेली, तेव्हा चैतराम बाहेर कडुलिंबाखाली बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, ओमेशचं नाव पुढे न करता. "मामाजी, चूक माझी आहे. ओळींचे नंबर सरकले, आणि मी बघितलं नाही."

त्याने डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नंबरानं बांधी सांगते का कोनी?"

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा धुऱ्यांमधला तुकडा, एवढं रुचीला ठाऊक होतं, पण नंबराचं काय ते कळेना.

"धानाच्या बांध्या असतात ना आपल्या. मजुराले मी म्हनलं, सातव्या बांधीत रोवना कर, अन् मधात कोनी नवा धुरा टाकला, तं तो मजूर दुसऱ्याच्या बांधीत जाऊन उभा राहीन. म्हनून नाव असते. मोहाची बांधी, खारी बांधी, बुडीची बांधी. मोह तोडला तरी मोहाचीच. धुरे किती बी टाका, नाव सरकत नाही." मग डब्याचं झाकण काढत म्हणाला, "लीलाले हे सांगाचं राहून गेलं."

त्या दिवशी रुची मिलवर गेली नाही. उपाय दोन होते. एक म्हणजे सगळ्या लिंका त्या दिवसाच्या आवृत्तीला बांधून टाकायच्या, जेव्हा लीलाधर होता आणि सगळं बरोबर होतं. त्या कधीच सरकल्या नसत्या. पण पुढे कुणी नियम बदलला तरी त्यांना पत्ता लागला नसता, हार घातलेल्या फोटोसारख्या त्या भिंतीवर राहिल्या असत्या. तिला तो मोह झाला, खोटं कशाला सांगा. शेवटी तिने दुसरा उपाय केला. कोडमधल्या प्रत्येक कारणाला एक नाव दिलं आणि लिंका नंबरावरून काढून नावावर बसवल्या. बॅटरीचं काऊन, सलग दोन पाळ्यांचं काऊन, बेहड्याचं काऊन. ओमेशने एक तपासणी लिहून दिली, नाव सापडलं नाही तर नवी आवृत्ती बाहेरच पडणार नाही अशी. यासाठी तिला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कारणं वाचावी लागली. सकाळी बसली ती दिवेलागणीला उठली. मधूनमधून हसलीसुद्धा.

वरच्या सात ओळी तिने पुसल्या. आता त्या राहिल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. पण तिला त्या बघवत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, ती सासूच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली. सुलोचनाबाईने दोन दिवस नुसता चहा घेतला होता.

"आत्याबाई, पाणी त्यांनी नाही सोडलं. मी सोडलं."

सुलोचनाबाईने डोळे उघडले. रुचीने लपवाछपवी न करता सांगितलं. तिने त्याचं नाव कुठे लिहिलं, त्याने काय सरकलं, तिने न बघता हो कसं म्हटलं. म्हातारीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ती ऐकत होती.

"आवाज तं त्याचाच होता," ती म्हणाली.

"आवाज त्यांचा होता. वेळ त्यांची नव्हती. त्यांनी काय लिहून ठेवलं होतं ते वाचू?"

सुलोचनाबाईने मान तिच्याकडे वळवली. रुचीने मोबाइल काढला, काऊनवर बोट ठेवलं आणि वाचलं.

"'चाळीस मिनिटं. कोणी कितीही बोंबलला तरी कमी करायचे नाहीत. माझी माय बेहड्याच्या डोहापासून पायरीपर्यंत रिकाम्या हाताने एकतीस मिनिटांत येते. डोक्यावर ओल्या गोधड्यांचं टोपलं असेल तर सदतीस. मोजलं आहे, तीनदा. वरची तीन मिनिटं पायऱ्या चढायला. तिच्यापेक्षा हळू चालणारं गावात कोणी नाही, म्हणून ती वर आली म्हणजे सगळे वर आले.'"

खाटेच्या पलीकडे चैतराम उभा होता. त्याने खिडकीकडे तोंड केलं.

सुलोचनाबाईचे ओठ हलले. "असं होय," ती म्हणाली. "मी धुनं घेऊन चालली का तो मोबाइल धरून मागं-मागं. तीन दिवस. बाया हासत होत्या. मी म्हनलं, एवढा घोडा झाला, मायच्या मागं काऊन फिरून राहिला? टोपलं तं घेत नाही डोक्यावरचं." तिने डावा हात डोक्याशी नेला. "मंग घेतो म्हने, आज नाही घेत. कायले नाही घेत ते सांगे नाही मेला."

"टोपलं घेतलं असतं तर वेळ मोजता आला नसता," रुची म्हणाली.

"हो ना." डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. रुचीने पदराने पुसलं. "मंग त्यानं नाही बोलावलं मले."

"नाही. त्यांनी थांबायला सांगितलं होतं."

नर्स तो कागद घेऊन तिसऱ्यांदा आली. सुलोचनाबाईने डावा हात पुढे केला. अंगठ्याला शाई लागली, कागदावर उमटली. नर्स निघाली तसा तिने रुचीचा हात धरला.

"खुबा बसवल्यावर मी चालन का?"

"चालाल. पण हळू."

"सदतीसात नाही होनार मंग." ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. "साठ लिही. अन् काऊन ते बी लिही."